राखाडी सतरा, राखाडी अठरा

खोटं बोलण्यासाठी मला आयुष्यात एकदाच बक्षीस कबूल झालं होतं, ते म्हणजे बैठकीच्या खिडकीला माझ्या आवडीचे पडदे. आईने देऊ केलेली लाच होती ती. सत्तर साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते, आणि सक्करदऱ्याच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात पडदा म्हणजे दोरीवर टाकलेलं आईचं जुनं लुगडं. संत्र्याच्या रंगाचे, कड्यांत ओवलेले, सरसर सरकणारे पडदे मिळणार म्हटल्यावर मी काय वाटेल ते बोलायला तयार होते. आणि बोलायचं तरी किती, तर एक शब्द: "सारखेच."

झालं असं की आईच्या डोक्यात राखाडी रंग शिरला. तोवर आमच्याकडे दरवर्षी दिवाळीच्या आधी चुना लागायचा. चुन्यात थोडी नीळ, की झाली दिवाळी. पण त्या वर्षी आई माझ्या दादाबरोबर त्याच्या प्रोफेसरांच्या घरी धंतोलीला जाऊन आली आणि त्यांच्या भिंतीच्याच गोष्टी सांगत बसली. प्रोफेसरांच्या बायकोने चहाबरोबर काय दिलं हे तिला आठवेना, पण भिंत मात्र पाठ होती. "थंडगार वाटे वं," ती म्हणायची. "हात लावला तं पाण्यातच घातल्यासारखा."

शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या हातातलं सूप घेऊनच आल्या. "माय वं! राखेचा रंग? दिवाळीत घराले राख फासते काय कोणी?"

"फासून राहिली मी," आई म्हणाली. "तुमच्या घरी चुना आहे तं राहू द्या चुना."

बाबा काही बोलतील असं सगळ्यांना वाटलं होतं, कारण आमच्या घरात रंगाबद्दल बोलायचा अधिकार बाबांचा. ते कापसाच्या एका पेढीवर पारखी होते. बाजारात शेतकऱ्यांच्या बैलबंड्या यायच्या, कोणी सावनेरचा, कोणी काटोलकडचा. त्या ढिगातून मूठभर कापूस काढायचा, पेढीच्या उत्तरेकडच्या खिडकीत न्यायचा, निळ्या कागदावर पसरायचा आणि सांगायचं, हा पांढरा, हा पिवळट, ही कवडी. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका माल. बाबांच्या तोंडून जो शब्द निघेल त्याप्रमाणे भाव. उत्तरेचाच उजेड का, तर तो दिवसभर एकसारखा असतो, त्यात ऊन मिसळत नाही. धागा लांब की आखूड हे ते डोळे मिटून, दोन अंगठ्यांत ओढून सांगायचे. पण रंगाला मात्र डोळेच लागतात.

पेढीवर ही पारख पोटापाण्याची होती, घरी ती आमच्या जिवावर उठलेली होती. दूध आलं की बाबा भांड्यात डोकावत. "पाणी आहे." साखर आली की चिमूटभर तळहातावर घेत. "मागच्या खेपेची होती ती बरी होती." आणि बनियन! रोज सकाळी आंघोळ झाली की धुतलेली बनियन खिडकीत धरून ते आईला सांगत, "हे धुतलं नाही, नुसतं भिजवलं." आई आतून म्हणायची, "मंग पेढीवर नेऊन द्या, भाव तरी येईल." वीस वर्षं हे चाललं होतं आणि दोघांपैकी कोणाचीही बनियनबद्दलची मतं बदलली नव्हती.

तर बाबा राखाडीला लगेच हो म्हणाले. त्यांना चुन्याचा कंटाळा आला असावा. मग आमचा नेहमीचा पेंटर आला. हा माणूस दुकानांच्या पाट्याही रंगवायचा आणि घरंही, आणि कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचा नाही. सायकलला आडवी शिडी बांधून तो निघाला की पूर्ण गल्ली बाजूला व्हायची. त्याने डिस्टेंपरच्या रंगांचं कार्ड आणलं. कार्डावर पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन आणि खाली इंग्रजी नावं. नावं कोणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही, आम्ही नंबरच घेतले.

आईने बोट ठेवलं. "हा."

"हा म्हणजे कोणता, वहिनी? सतरा का अठरा?"

"दोन्ही एकच तं आहे."

बाबांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि खिडकीत गेले. आमच्या बैठकीची खिडकीही उत्तरेला, हे त्या घराचं भाडं ठरवताना त्यांनीच पाहिलेलं. "एकच?" ते म्हणाले. "अठराच्या पोटात पिवळा आहे. सतराच्या पोटात निळा. आंधळ्यालेही दिसन."

पेंटरने कार्ड डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, उलटं केलं. "बाबूजी, मले तं सेम टू सेम दिसून राहिले."

"भिंतीवर लावून पाय गा. मंग दिसते."

पेंटरने भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन लावले, वीतभर रुंद, वीतभर उंच. डावा सतरा, उजवा अठरा. वाळले. आम्ही सगळे जमलो, काकूसुद्धा. मी पाहिलं आणि मला तो पिवळा त्या क्षणी दिसला. ताकात कोणी हळदीचं बोट बुडवून काढावं, इतकाच, पण होता. मला वाटलं, सगळ्यांनाच दिसतोय.

"सारखेच," आई म्हणाली.

"सारखेच तं आहे," काकू म्हणाल्या. "दोन्ही राखच."

दादाने पेपरातून डोकं वर काढलं, "सेम," म्हणाला आणि परत पेपरात घातलं. पेंटरचं मत आधीच झालेलं होतं. बाबा माझ्याकडे वळणार इतक्यात आईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हे पाय," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुले विचारतील. सारखे म्हण. कोणी वेगळं बोललं ना, तं हे आणखी चार रंग मागवतील, सहा चौकोन काढतील अन् आपली दिवाळी पोतेऱ्यातच जाईल."

"मले काय मिळन?"

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. असली पोरगी आपल्या पोटी कशी आली, असं ते पाहणं होतं. "पडदे," ती म्हणाली. "तुह्या मनाचे."

मी बाहेर आले. बाबांनी विचारलं. "सारखेच, बाबा."

"नीट पाय."

"नीटच पाहून राहिली."

"बरं," ते म्हणाले.

आईची अटकळ साफ चुकली. सगळ्यांचं एकमत झालं म्हणून विषय मिटला नाही, उलट तिथूनच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेंटरला दुसरा हात मारायला लावला. मग समोरच्या भिंतीवर तेच दोन चौकोन काढायला लावले. मग म्हणाले, डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे काढ. आंघोळ झाली की बनियन खांद्यावर टाकून ते भिंतीपुढे उभे राहत, आणि जो समोरून जाईल त्याला धरत. दूधवाल्यालाही विचारलं. दूधवाला आधीच त्यांना वचकून होता, तो म्हणाला, "तुम्ही म्हणसान ते, मालक."

मला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा मी सारखेच म्हणाले. खोटं बोलायचंही वळण पडतं. पहिल्यांदा मी भिंतीकडे पाहून बोलले, दुसऱ्यांदा बाबांकडे पाहून, तिसऱ्यांदा वेणी घालता घालता. चौथ्यांदा तर मला विनोद सुचला. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या डोळ्यांतच काही झालं असन." सगळे खो खो हसले. बाबाही हसले.

त्यानंतर बाबांनी कोणाला विचारलं नाही. दूध आलं, त्यांनी भांड्यात डोकावलं नाही. बनियन हातात घेतली आणि निमूट अंगात घातली. तीन दिवस असे गेले तेव्हा आई मला आनंदाने म्हणाली, "सुधरले वं तुहे बाबा." मी मनात पडद्यांचं कापड मोजत होते. मला तेव्हा अक्कल किती होती, हे यावरून समजावं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी मला हाक मारली. पेढीचे मोठे मालक मुंबईला असायचे आणि त्यांना पत्रं इंग्रजीत जायची. बाबा मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहायची. मॅट्रिकला माझे इंग्रजीचे मार्क चांगले आल्यापासून हे काम माझ्याकडे होतं आणि त्याचा मला ताठाही होता. मी दौत-टाक घेऊन पाटाशी बसले. तारीख घातली, नमस्कार घातला.

"लिही," बाबा म्हणाले. "यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी पेढीनं दुसरा पारखी पाहावा."

मी दोन शब्द लिहिलेही. मग थांबले. "काहून?"

"लिही ना वं. माह्या डोळ्यांत पिवळा उतरला आहे. पांढऱ्या मालात मले पिवळा दिसन, अन् लोकायचं नुकसान होईल."

"कोण म्हणते?"

"तुमीच तं म्हणून राहिले पंधरा दिवसांपासून," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. भाव सांगावा तसं सांगितलं. "पाची जणं म्हणता सारखे. मले एकट्याले पिवळा दिसते. डावीकडं लावला तरी दिसते, उजवीकडं लावला तरी दिसते. मंग तो भिंतीवर नाही, माह्या डोळ्यात आहे."

मग त्यांनी मला त्यांच्या उस्तादांची गोष्ट सांगितली. ज्यांच्या हाताखाली बाबा पारख शिकले ते म्हातारे गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि तो असा आला की त्यांना जगच हळूहळू पिवळं दिसायला लागलं. हळूहळू म्हणून त्यांना कळलंच नाही. एक पूर्ण हंगाम ते चांगल्या पांढऱ्या कापसाला पिवळट म्हणत राहिले आणि माणसं मान खाली घालून कमी भाव घेऊन गेली. "मी बाजूले उभा राहो," बाबा म्हणाले. "मले दिसे. पण उस्तादले कसं सांगाव? कोणीच नाही सांगितलं. आदर आडवा आला." त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. "तुमी तरी सांगितलं. बरं केलं."

बरं केलं! मला त्या शब्दाची इतकी लाज वाटली की मी टाक खाली ठेवला. माणूस भिंतीवरचे चौकोन दाखवून आम्हाला त्रास देत नव्हता, आमच्या डोळ्यांनी स्वतःचे डोळे तपासून पाहत होता. आणि त्या परीक्षेत आम्ही त्याला नापास केलं होतं. बाकीच्यांनी खरं बोलून, मी खोटं बोलून. दिसणारी मी एकटी होते. त्यांचा डोळा घरात कोणाला आला असेल तर मला आला होता, आणि मी तो पडद्यांवर विकला.

"बाबा," मी म्हटलं, "मलेही दिसते. अठरा पिवळा आहे. पहिल्या दिवसापासून दिसते."

बाबा माझ्याकडे पाहून हसले. मी लहानपणी पडले की हसायचे तसेच. "बापाची दया करून राहिली का वं?"

"दया नाही, खरं सांगून राहिली! आईनं पडदे देतो म्हटलं म्हणून खोटं बोलली."

"पडद्यांसाठी कोणी खोटं बोलते काय? तू लिही."

मी शपथ घेतली. विद्येची, देवाची, शेवटी आईची. काही उपयोग नाही. खोटं त्यांनी चार वेळा विश्वासाने ऐकून घेतलं होतं आणि खरं एकदाही ऐकेनात. "लिही," ते चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी दौत उचलली आणि पत्रावर ओतली. पत्र गेलं, पाट गेला, बाबांच्या धोतराचा काठ गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांसमोर असं काही केलं होतं. ते रागावतील म्हणून वाट पाहिली. ते धोतराकडे पाहत म्हणाले, "ही शाई तं जात नाही," आणि बाहेर गेले.

मी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, तिथेच लाटणं ठेवून बसली. "अवो माय," एवढंच म्हणाली. मग उठून बैठकीतले ते दोन चौकोन पुन्हा पाहून आली. "मले तं खरंच सारखे दिसते वं," ती शेवटी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं बनियनवरून भांडणारी बाई ती, तिला एकदम त्या बनियनचं रडू आलं.

परीक्षेला उत्तर परीक्षेनेच द्यायचं, हे मला रात्रीतून सुचलं असं नाही, पेंटरच्या तोंडाकडे पाहून सुचलं. सोमवारी सकाळी तो विचारायला आला, "मंग कोणता लावू, वहिनी?" मी त्याला म्हटलं, "आधी बारा तुकडे रंगवून द्या." जाड कागद हवा होता. आईने पेटीतून जुन्या लग्नपत्रिका काढल्या. आमच्याकडे लग्नपत्रिका कोणी टाकून देत नाही, शुभ असते. एरवी त्यांना हात लावू न देणारी आई स्वतः कात्री घेऊन बसली आणि सहा लग्नं कापून तिने बारा तुकडे केले. पेंटरने छापलेल्या बाजूवर रंग लावला, सहा तुकड्यांना सतरा, सहांना अठरा. मागच्या कोऱ्या बाजूवर एक ते बारा नंबर. कोणत्या नंबराला कोणता रंग, हे त्याने बिडीच्या कट्ट्यावर, म्हणजे पुडक्यावर, लिहिलं आणि कट्टा खिशात घातला. "कोणी मागितला तं बिडीही देत नाही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उत्तरेचा उजेड चोख असताना, आम्ही बाबांना खिडकीपाशी बसवलं. ते नाही नाही म्हणत होते. आई म्हणाली, "माह्यासाठी," आणि हा शब्द ती सहसा वापरत नसे, म्हणून ते बसले. मला स्वयंपाकघरात पाठवून दार लावलं. आई माझ्याजवळ उभी. बाहेर पेंटर तुकडे पिसत होता, पत्त्यांसारखे. मग बाबा सतरा एका ढिगात, अठरा दुसऱ्यात टाकू लागल्याचे आवाज आले, टप, टप, टप. इतके भराभर की आई कुजबुजली, "पाहून तरी राहिले काय?" पेढीवर ते असेच पाहायचे, म्हणे. दुसऱ्यांदा पाहायचंच नाही, पहिली नजर खरी.

पेंटरने दोन्ही ढिगांतले नंबर कोळशाने भिंतीवर लिहिले आणि त्यावर गोणपाट टांगलं. मग तुकडे पिसून मला बोलावलं. बाबा मागे बाकावर बसले होते. मॅट्रिकच्या गणिताला मी एवढी घाबरले नव्हते. पहिला तुकडा घेतला, पिवळा. दुसरा, निळा. तिसऱ्यानंतर मात्र मला मजा यायला लागली, खोटं सांगत नाही. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं खरं बोलायला मिळत होतं.

पेंटरने माझेही नंबर लिहिले. गोणपाट काढलं, खिशातून कट्टा काढला आणि घसा साफ केला. काकूही तोवर दारात आल्या होत्या.

"बाबूजींचे अकरा बरोबर. एक चुकला. नऊ नंबर. सतरा होता, बाबूजीनं अठरात टाकला."

अकरा बरोबर! मी ओरडणारच होते, पण बाबांचा चेहरा उतरलेलाच होता. त्यांनी मान हलवली. पारख्याच्या हिशेबी एक चूक म्हणजे एका माणसाची पूर्ण बंडी.

"अन् ताईचे..." पेंटरने बोट फिरवत नेलं. "ताईचेही अकरा बरोबर. एक चुकला." तो थांबला. परत भिंतीकडे पाहिलं. "नऊ नंबर."

"चुकलेच ना दोघंही," काकू म्हणाल्या.

बाबा बाकावरून उठले. "काय म्हटलं? नऊ?"

"नऊ, बाबूजी. तिनंही अठरातच टाकला."

बाबा माझ्याजवळ आले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे खरं पाहिलं. "बाकीचे अकरा तुले कोणी सांगूही शकते," ते म्हणाले. "हा पेंटर तुह्यासाठी कट्टा उघडू शकते. पण माही चूक तुले कोण सांगन?" आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरंच दिसते तुले."

"सांगून तं राहिली!" मी म्हटलं आणि भोकाड पसरलं.

पण बाबा बाबाच. त्यांच्यातला पारखी तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्यांनी नऊ नंबरचा तुकडा उचलला, खिडकीत नेला, वरखाली केला आणि नखाने हलकेच रंग खरवडला. मग नख नाकाशी नेलं. "हळद," ते म्हणाले.

आईने तुकडा हिसकावून घेतला. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा होता तो. कोपऱ्याला हळदीचं बोट लावूनच पत्रिका देतात, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पेंटर डोकं खाजवत म्हणाला, "बाकीच्यांवर छपाई होती ना बाबूजी, म्हणून दोन हात मारले. या तुकड्यावर अक्षर नव्हतं, म्हटलं कायले रंग वाया घालवाचा. एकच हात मारला." त्या एका हाताखालून हळद वर आली होती. चुन्याचा रंग असता तर लाल तरी झाली असती आणि सगळ्यांना दिसली असती. डिस्टेंपरमध्ये ती आपली गुपचूप पिवळी राहिली, दोन माणसांना दिसण्यापुरती.

"म्हणजे बारा," बाबा म्हणाले. "बाराही बरोबर." त्यांनी तो तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पेढीवर गेले. जाताना दुधाच्या भांड्यात डोकावले. "पाणी आहे," म्हणाले.

भिंतीला शेवटी सतरा लागला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कोणताही लावा, सारखेच तं आहे," म्हणून बाबांनी ठरवलं. कारण त्यांनी असं दिलं की सतराच्या भिंतीपुढे बनियन जरा पांढरी दिसते, तेवढंच तुह्या आईले बरं. पडदे मात्र मला मिळाले नाहीत. आईचं म्हणणं, पडदे खोटं बोलायचे ठरले होते, तू तं खरं बोलली.

पुढे दर पाच-सहा वर्षांनी त्या भिंतीला रंग लागला आणि दरवेळी सतराच. कार्ड कोणी मागितलं नाही. दादा नोकरीला गेला, माझं लग्न झालं, पेंटर म्हातारा झाला आणि त्याची शिडी त्याचा भाचा नेऊ लागला. बाबा पेढीवर जातच होते. मधल्या काळात कापसाच्या खरेदीचे नियम बदलले, पेढी लहान झाली, पण जो माल येई तो बाबांच्या खिडकीतून जाई.

बारा वर्षांनी मी दिवाळीला माहेरी आले होते. सकाळी दहाचा सुमार. आई अनारसे तळत होती. बाबा आंघोळ करून, बनियन खांद्यावर टाकून, भिंतीपुढे उभे होते. मला पाहून म्हणाले, "इकडं ये वं. हा सतरा पिवळा पडला काय?"

प्रश्न अगदी सहज विचारला होता. पण मला त्यांचे उस्ताद आठवले. मी भिंतीकडे पाहिलं. उत्तरेचा उजेड तिच्यावर सरळ पडला होता. मागच्याच वर्षी लावलेला रंग, थंडगार, पोटात निळा.

आई झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. बाबांच्या पाठीमागून ती मला डोळ्यांनी खुणा करत होती. "पडला असन पिवळा," ती मोठ्यांदा म्हणाली. "चुलीचा धूर काय कमी आहे?" तेव्हा तिला पिवळा दिसत नव्हता म्हणून दोन्ही सारखे म्हणाली होती, आजही दिसत नव्हता तरी पिवळा म्हणत होती. तेव्हाचं खरं होतं, आजचं खोटं बाबांसाठी. या खेपेला पडदे कोणी कबूल केले नव्हते, आणि तरी मला तेव्हाच्यापेक्षा शंभर पटीने खोटं बोलावंसं वाटत होतं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "निळाच आहे."

"नीट पाय."

"नीटच पाहून राहिली."

बाबांनी मान हलवली. घाबरल्यासारखे दिसले नाहीत, माल पाहून झाल्यावर दिसायचे तसे दिसले. बनियन अंगात घातली आणि पाट ओढून माझ्यासमोर ठेवला.

"बस," ते म्हणाले. "कागद आण. मुंबईले पत्र लिहाचं आहे. अन् दौत जरा दूर ठेव."